शेपूट धरून चालणारी कविता

आमच्या जिन्यावर, बरोबर माझ्या दारासमोर यमकबाई राहते. हे नाव मी ठेवलेलं नाही. मी ते फक्त पसरवलं. ठेवलं तिच्या लाँड्रीतल्या बायकांनी, आणि ते इतकं चपखल बसलं की आता आमच्या चर्चचे पाळकसाहेबसुद्धा तिच्यासाठी प्रार्थना करताना खऱ्या नावापाशी येऊन क्षणभर अडखळतात.

यमकबाई मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. इस्त्रीच्या गरम रुळांतून चादर बाहेर पडली की समोरासमोर उभ्या राहून दोघीजणी तिची दोन दोन टोकं धरतात, एक झटका देतात आणि एकमेकींकडे चालत येतात. एकीची टोकं दुसरीच्या हातात जातात, पहिली खाली लोंबणारी घडी उचलते, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. टोक दे, टोक घे. दिवसभर हेच. सोड्यानं बोटांना चिरा पडलेल्या, पाय संध्याकाळपर्यंत सुजलेले. घरी येताना ती जिना चढत नाही, कठड्याला धरून स्वतःला वर ओढून आणते.

पण कविता करायची. कुणाचा निरोपसमारंभ असो, कुणाचं लग्न, कुणाचा दफनविधी, यमकबाई चार ओळी घेऊन हजर. लाँड्रीच्या मॅनेजरला निरोप देताना तिनं म्हटलं होतं:

साहेब आमचे निघाले आज,
कोण करील आता आमच्यावर राज?
डोळ्यांत आमच्या आले पाणी,
इस्त्री राहिली, हीच कहाणी.

मॅनेजर रडला. इस्त्रीचा काय संबंध, हे कुणीच विचारलं नाही. शेजारच्या इमारतीतले आजोबा वारले तेव्हा मात्र कहर झाला. ‘आजोबा गेले प्रभूच्या घरी, चष्मा राहिला टेबलावरी’ असं तिनं हात जोडून म्हटलं आणि रडायला जमलेली माणसं तोंडाला रुमाल लावून खोकत बसली. मी तिला म्हटलं, “बाई, यमकासाठी तू एखाद्याचा जीव घेशील.” ती म्हणाली, “तुमच्या चार ओळी तयार आहेत, काका. फक्त तारीख कळवा.”

तिचा नवरा गायनमास्तर. पोटासाठी वीज कचेरीत कारकून होता, पण चर्चच्या मंडळीत त्याला मास्तरच म्हणत. आमच्या मंडळीत पूर्वी गीतांची पुस्तकं पुरत नसत. मग मास्तरनं पुढे उभं राहायचं, उजव्या हातातल्या पुस्तकातली एक ओळ मोठ्यानं म्हणायची आणि डाव्या हाताचं एक बोट वर करायचं. बोट वर झालं की सगळ्यांनी ती ओळ उचलायची. पुढे पुस्तकं रग्गड आली, पण पद्धत काही गेली नाही. बोट वर होईपर्यंत आमच्याकडे कुणी तोंड उघडत नसे. एकदा मास्तरला मधमाशी चावली आणि त्यानं हात वर झटकला, तर सगळी मंडळी दुसरं कडवं गाऊन मोकळी झाली.

मग मास्तरला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणण्यापेक्षा त्याचं शेपूट तेवढं उरलं. तुम्ही जे बोलाल त्यातला शेवटचा शब्द मास्तर परत करतात, बस्स. “चहा हवा?” “हवा.” “की नको?” “नको.” पाळकसाहेब भेटायला आले. म्हणाले, “मास्तर, आता बरे आहात ना?” मास्तर म्हणाले, “ना.” पाळकसाहेब दुःखी होऊन गेले. पहिल्या पहिल्यांदा काही लोकांना वाटलं, मास्तर वेडावून दाखवतायत. डॉक्टर म्हणाले, मेंदूत असं होतं, किती समजतं ते सांगता येत नाही. बोट वर करणारा डावा हात चांगला होता, पण तो मांडीवर पडून असे, कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

तेव्हापासून यमकबाईची यमकं आटली. पाळकसाहेबांची बदली रद्द झाली, केवढा आनंदाचा प्रसंग, पण ही गप्प. मी चिडवून पाहिलं, “काय बाई, दुकान बंद?” तिनं पिशवी खाली ठेवली, कुलपात किल्ली घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “काका, दिवसभर टोकं धरते. घरी आले की माझ्याच बोलण्याची टोकं परत मिळतात. घरात माणसं दोन आणि बोलणं एकटीचं. त्यात कविता कुठून काढू?” तिला चिडवण्यात त्या दिवशी मजा आली नाही.

आता नणंदेकडे वळतो, कारण सगळं रामायण तिच्यामुळे. मास्तरची थोरली बहीण, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. ती जिन्यावरून वर येऊ लागली की पोरं आपोआप रांगेत उभी राहतात. बाई मनानं वाईट नाही, पण दुसऱ्याचा प्रश्न दिसला की तो सोडवल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. शहराबाहेर आजारी माणसांसाठी मंडळीचं एक घर आहे. तिथे एक खाट रिकामी झाली होती आणि तिथल्या मेट्रनबाईंना तिनं शब्दही देऊन टाकला होता.

“तू मरशील अशानं,” ती यमकबाईला म्हणाली. यमकबाईचं दार उघडंच असतं, माझंही हवेसाठी उघडंच असतं, तेव्हा मला ऐकू आलं ते मी काही चोरून ऐकलं नाही. “त्याची देखभाल होईल, तुला झोप मिळेल. आणि मी त्याला स्वतःला विचारलंय.”

“काय विचारलंत, वन्सं?”

“विचारलं, तिकडे राहशील ना आनंदात? तर म्हणाला, आनंदात!”

यमकबाई हसली नाही. तिच्या जागी मी हसलो, तर माझं दार बाहेरून ओढून घेण्यात आलं.

मग ठरलं ते असं: बायकांच्या मंडळाचं तीन दिवसांचं साधना शिबिर होतं, तिकडे यमकबाईनं जायचं, विश्रांती घ्यायची, प्रार्थना करायची आणि येऊन उत्तर द्यायचं. परतीच्या दिवशी मेट्रनबाईंचा फोन येणार होता. तोवर भावाला नणंद सांभाळणार. निघताना यमकबाईनं माझ्याकडे जादा किल्ली दिली. चेहरा असा की उत्तर ‘हो’ आहे आणि ते म्हणायला लागणारं बळसुद्धा आता तिच्यात नाही.

शिबिरात काय झालं ते मला शिडीनं सांगितलं. शिडी म्हणजे लाँड्रीतली तिची जोडीदारीण, तीही शिबिराला गेली होती. उंची बघाल तर नाव कसं पडलं ते विचारायची गरज नाही. तिनं सांगताना तिखटमीठ लावलं असेल, थोडं मीही लावतो.

शिबिराचं घर टेकडीवर. लांबट खोल्या, लोखंडी खाटा, पायाला गार लागणारी फरशी आणि भिंतीवर नियम: सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन. पहिल्या दिवशी यमकबाई ध्यानाला बसली आणि घोरायला लागली. शिबिर घेणाऱ्या बाई अगदी लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, पायात कापडी बूट. मौनात घोरणं बसतं की नाही, हे नियमांत लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी झोपू दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर प्रार्थनेची घंटा झाली. हातात धरून वाजवायची पितळी घंटा. आता हिच्या लाँड्रीतही पाळी सुरू होताना हुबेहूब तशीच घंटा वाजते, आणि घंटा वाजली की आधी वॉर्डात जाऊन खाटांवरच्या चादरी काढून खाली आणायच्या असतात. बायका उठून प्रार्थनेला गेल्या. यमकबाई अर्धवट झोपेत उठली, आणि हातांना जे माहीत होतं ते हातांनी केलं. दोन्ही खोल्यांतल्या एकूण एक खाटांवरच्या चादरी तिनं ओढून काढल्या. उशांचे अभ्रे काढून आतली बाजू बाहेर केली. दाराशी ढीग लावला, ओले वेगळे करावेत म्हणून हुंगूनही पाहिला, आणि मग ढिगावर बसून शिडीची वाट बघत राहिली.

प्रार्थना आटोपून बायका आल्या, तर उघड्या गाद्या! आणि तोंडातून शब्द काढायची सोय नाही, मौन! मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना राग आला की त्या कमीत कमी पाऊण तास बोलतात. तो पाऊण तास त्यांना हातवाऱ्यांत करावा लागला. शिडी म्हणाली, “काका, गादीकडे बोट, हिच्याकडे बोट, वर देवाकडे बोट. शेवटी त्यांनाच धाप लागली.” यमकबाई लाल होऊन उभी. चादरी तर काल घातलेल्या, कोऱ्या करकरीत.

तेव्हा त्या लहानखुऱ्या बाई पुढे आल्या, ढिगातली एक चादर उचलली आणि दोन टोकं हिच्यापुढे धरली. दोघी न बोलता घड्या घालू लागल्या. बाईंना येत नव्हतं. त्या चुकीच्या वेळी पुढे येत, हातातली टोकं द्यायची विसरत. यमकबाई डोळ्यांनी शिकवत होती. ढीग संपता संपेना, आणि घडी घातल्यावर चादरी पुन्हा खाटांवर घालायच्या आहेत, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं.

जेवणाची घंटा झाली तशी बाई पहिल्यांदा बोलल्या.

“तुम्ही कविता करता म्हणे?”

“करायचे. आता यमक सुचत नाही.”

“मग यमक नसलेली करा.”

“यमक नसलं तर ओळ ओळीला चिकटणार कशी?”

बाई हातातल्या टोकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एक जुना प्रकार आहे. आपल्या काही स्तोत्रांत दिसतो. यात्रेकरू डोंगर चढताना म्हणत असतील असली गाणी. चढताना माणसाला दम लागतो, लांब ओळ झेपत नाही. मग एक ओळ म्हणायची आणि तिच्या शेवटच्या शब्दावर पाय ठेवून पुढची सुरू करायची. पहिल्या ओळीचं शेपूट ते दुसरीचं तोंड. हे तुमच्या चादरीसारखंच. एकीनं टोक दिलं की दुसरीनं तिथून धरायचं. दमलेल्या माणसांची कविता आहे ती, दुसरं काही नाही.”

यमकबाईच्या हातातून चादर खाली पडली.

“शेवटचा शब्द?”

“हो. शेवटचा शब्द परत म्हणायचा.”

“असं तर आमचे हे रोज करतात!” ती म्हणाली, आणि हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता पडलेल्या चादरीवरच बसली. बाईंना काही कळलं नाही. शिडीला कळलं, आणि शिडी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांनी काहीतरी वाचायचं होतं. अध्यक्षीणबाईंनी पहाटेवर वाचलं, खजिनदारबाईंनी फुलावर, आणखी एकीनं पुन्हा पहाटेवर. मग यमकबाई उभी राहिली. कागद नव्हताच.

चादर झटकली, धूळ उडाली.
उडाली ती माझ्यावरच येऊन बसली.
बसली तशी बसायला मलाही हवी खुर्ची.
खुर्ची तर एकही नव्हती रिकामी.
रिकामी खुर्ची मिळाली की झोप येते.
येते तशी ती रोजच, आज देवासमोर आली.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “यमक कुठाय?” यमकबाई म्हणाली, “धुवायला टाकलंय.”

आता पुढचं मी स्वतः पाहिलं. परतीच्या दिवशी दुपारी ती जिना चढून आली. शिबिरानं माणूस ताजातवाना होतो म्हणतात. ही तशीच कठड्याला धरून स्वतःला ओढत आली. दार उघडं. आत नणंद, केस सुटलेले, चष्मा कपाळावर. तीन दिवसांत तिनं भावाला जे जे विचारलं त्याचं शेपूट तिच्या पदरात पडलं होतं. दाराशी मास्तरची बॅग भरून ठेवलेली. खाटेवर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर, घडी एकाचीही नाही.

“आलीस बाई! हा माणूस आहे की विहीर? मी म्हटलं, अरे काहीतरी बोल. तर म्हणतो, बोल!” नणंद म्हणाली. “मेट्रनबाईंचा फोन आता येईल. हो म्हणून टाक.”

मास्तर खुर्चीत बसलेले. यमकबाईनं पाय धुतले नाहीत, पाणी प्यायली नाही. ढिगातली एक चादर ओढली, तिची दोन टोकं मास्तरांच्या डाव्या मुठीत दिली, आपली दोन घेऊन मागे गेली.

“धरा घट्ट, सोडू नका.”

“नका,” मास्तर म्हणाले.

“नका म्हणालात तरी ओढणार आहे मी.”

“मी.”

“मी डोंगरावर जाऊन झोपून आले.”

“आले.”

“आले तर दारात ही बॅग.”

“बॅग.”

“हे काय चाललंय तुमचं?” नणंद म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही.

“बॅग कुणाची, ते मला कुणी विचारलंच नाही.”

“नाही.”

आणि इथे यमकबाई अडली. ‘नाही’वरून पुढे जायला तिला काही सुचेना. तोंड उघडं, हातात चादर ताणलेली, डोळे मिटायला आलेले. माझ्या मनात आलं, संपलं. इतक्या लांबून आणलेलं खेळणं चार पायऱ्यांत मोडलं. फोन येईल, ही हो म्हणेल, आणि समोरच्या घरात रात्री दिवा एकटीसाठी लागेल.

मास्तरांनी डावा हात उचलला. मुठीत चादरीची टोकं तशीच. मुठीतून एक बोट सुटं झालं आणि वर गेलं.

ते बोट मी हजारदा पाहिलंय. नणंदेनंही पाहिलंय, पहिल्या बाकावरून. ओळ देऊन झाली, आता तुम्ही उचला, असं सांगणारं ते बोट. झटका आल्यापासून ते वर गेलं नव्हतं. नणंद मटकन खाटेवर बसली, कपड्यांच्या ढिगावरच.

“नाही…” यमकबाई सावकाश म्हणाली, “नाही सुचत, जरा थांबा.”

“थांबा,” मास्तर म्हणाले. बोट पुन्हा वर.

तेवढ्यात फोन वाजला. मेट्रनबाईच. नणंदेनं उचलला आणि यमकबाईकडे बघितलं.

“नाही म्हणून सांगा, वन्सं.”

“नाही,” मास्तर म्हणाले.

“बघ, तोच म्हणतोय!” नणंद फोनवर हात ठेवून म्हणाली. तिचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता.

“त्याला काही अर्थ नाही. मी हो म्हटलं असतं तर हो म्हणाले असते. तुमच्या ‘आनंदात’ला अर्थ नव्हता तसा माझ्या ‘नाही’लाही नाही,” यमकबाई म्हणाली. “पण बोट त्यांचं आहे. पुढची ओळ मागतायत. पुढची ओळ मागणाऱ्याला कुठे पाठवू मी? पण एक सांगते, मला एकटीला आता झेपत नाही. दर महिन्याला तीन दिवस तुम्ही यायचं, मी झोपणार.”

“दर महिन्याला तीन दिवस? मी मरेन!”

“मरेन,” मास्तर म्हणाले.

नणंदेनं फोनवर ‘नाही’ म्हणून कळवलं. शाळेत पोराला सुट्टी नाकारावी तसं एका वाक्यात सांगितलं आणि ठेवला.

यमकबाई समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसली. बसली म्हणजे तिथेच झोपली, मान एका बाजूला, पायांवर जिन्यातली धूळ. चादर अर्धी घडीत, अर्धी जमिनीवर. मास्तर आपली टोकं मुठीत धरून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी बहिणीकडे बघितलं आणि बोट वर केलं.

नणंदेनं इकडे तिकडे पाहिलं. माझं दार उघडं होतं, पण माझ्या तोंडासमोर वर्तमानपत्र होतं, आणि ते मी सरळही धरलं होतं. ती उठली. जमिनीवरची टोकं उचलली, चुकीच्या बाजूनं.

“झोपली बघ तुझी बायको,” ती म्हणाली.

“बायको.”

बोट वर.

“बायको फार दमली,” ती हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

“दमली,” मास्तर म्हणाले.

घडी मात्र अगदीच वाकडी झाली. संध्याकाळी जाग आल्यावर यमकबाईनं ती उलगडली, दोन टोकं नवऱ्याच्या हातात दिली आणि पुन्हा घातली.